रमाकांत आचरेकर : सामन्यातून घडविणारा गुरू

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये अनेक दशके प्रशिक्षक म्हणून वावरलेले रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२-२०१९) यांचे नाव घेताच सचिन तेंडुलकरचे नाव आपोआप ओठांवर येते. ते स्वाभाविकही आहे. मात्र एवढ्या एकाच शिष्याच्या प्रकाशात पाहिल्याने आचरेकरांच्या कामाचा मोठा भाग अंधारात राहतो. प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळलेल्या या माणसाने भारताला डझनाच्या आसपास आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले. त्यांच्या शिष्यांपैकी अनेक जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रणजी करंडकापासून विश्वचषकापर्यंतची विजेतेपदे आपल्या संघांना मिळवून दिली. त्यामुळे आचरेकरांच्या कारकिर्दीचे मोजमाप एका शिष्याच्या धावांनी होत नाही. शिकविण्याची जी रीत त्यांनी मागे ठेवली, तिच्यावरून ते करावे लागते.

मालवण ते शिवाजी पार्क

आचरेकरांचा जन्म ३ डिसेंबर १९३२ रोजी मालवण येथे झाला. कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या असंख्य कुटुंबांची वाट दादर-परळच्या गिरणगावातून जात असे. त्या काळी गिरण्या, बँका आणि बंदर यांचे स्वतःचे क्रिकेट संघ असत, आणि चांगल्या खेळाडूला खेळाच्या जोरावर नोकरी मिळत असे. आचरेकर १९४३ च्या सुमारास क्रिकेट खेळू लागले. १९४५ मध्ये ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. पुढे यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स आणि मुंबई पोर्ट या संघांतूनही त्यांनी क्रिकेट खेळले.

प्रथम श्रेणीच्या नोंदवहीत मात्र त्यांच्या नावावर एकच सामना आहे. १९६३-६४ च्या मोसमात हैदराबाद येथील मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघातून ते हैदराबादविरुद्ध खेळले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द येथेच थांबते. ज्या शहरात त्या काळी कसोटीपटूंची वाण नव्हती, तेथे एवढ्या शिदोरीवर कोणी प्रशिक्षक म्हणून मान्यता पावणे सोपे नव्हते. आचरेकरांना ती मान्यता निकालांतून मिळवावी लागली.

शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लबची स्थापना केली आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरच्या मुलांना ते प्रशिक्षण देऊ लागले. शाळा आणि क्लब ही दोन चाके हाताशी असल्याने मुलाला शालेय मोसमात शाळेकडून व उरलेल्या वर्षात क्लबकडून खेळविता येत असे. काही वर्षे त्यांनी मुंबई संघाच्या निवड समितीवरही काम केले. परंतु त्यांची खरी जागा मैदानाच्या कडेलाच होती. डोक्यावर टोपी, फारसे न बोलता चाललेले निरीक्षण आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारी स्कूटर, अशीच त्यांची प्रतिमा शिष्यांच्या आठवणींत आहे.

जाळ्यापेक्षा सामना मोठा

आचरेकरांच्या शिकवणुकीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. क्रिकेट जाळ्यात शिकता येत असले, तरी ते पक्के होते सामन्यात. जाळ्यात बाद झालेला फलंदाज पुढचा चेंडू खेळायला पुन्हा उभा राहतो. सामन्यात त्याला तंबूत परतून इतरांची फलंदाजी पाहत बसावे लागते. चुकीची किंमत मोजावी लागली की चूक सुधारते, हे साधे तत्त्व त्यांनी कसोशीने पाळले.

त्यासाठी मुलांना अधिकाधिक सामने मिळवून देणे हे त्यांनी प्रशिक्षकाचे पहिले काम मानले. सचिन तेंडुलकरने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे, की उन्हाळ्याच्या एका सुट्टीत ६० दिवसांत तो ५५ सराव सामने खेळला होता. सकाळी जाळ्यात फलंदाजी, मग सामना आणि सायंकाळी पुन्हा जाळे, असा तो दिनक्रम होता. मुंबईतील शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान या मैदानांवर एकाच वेळी अनेक सामने चालत असतात. एका ठिकाणी मुलगा लवकर बाद झाला, तर आचरेकर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथे पुन्हा फलंदाजीला उभे करीत.

एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. तिचा हेतू मात्र अनेकदा नजरेआड होतो. दिवसभर थकलेल्या सचिनला अखेरच्या पंधरा मिनिटांत पुन्हा फलंदाजीला पाठविले जाई. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवलेले असे. जाळे नसे. मैदानावरील सारी मुले क्षेत्ररक्षणाला उभी असत आणि कोठेही उडालेला झेल बाद धरला जाई. जो गोलंदाज बाद करील त्याचे नाणे. कोणीच बाद करू शकले नाही, तर ते फलंदाजाचे. सचिनने अशी तेरा नाणी जिंकली आणि ती अजून जपून ठेवली आहेत. रुपयाची किंमत येथे गौण होती. शरीर थकल्यावर एकाग्रता कशी टिकवायची, याचा तो धडा होता. त्यानंतर पॅड आणि ग्लोव्हज् न काढता शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायच्या, हा नियमही ठरलेला होता.

तंत्राच्या बाबतीत आचरेकर आग्रही होते, हटवादी नव्हते. सचिन बॅटचा दांडा फार खाली धरतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पकड बदलून पाहायला सांगितले. नव्या पकडीने त्याला मोकळेपणाने खेळता येईना, तेव्हा त्यांनी जुनीच पकड कायम राहू दिली. पाठ्यपुस्तकाबरहुकूम मुलगा बदलण्यापेक्षा मुलाचे नैसर्गिक बळ ओळखून त्याला शिस्त लावणे त्यांनी पसंत केले.

चाचणीत नापास, तरीही निवड

अकरा वर्षांच्या सचिनला १९८४ मध्ये थोरले बंधू अजित तेंडुलकर यांनी शिवाजी पार्कच्या उन्हाळी शिबिरात आणले. पहिल्या चाचणीत तो बिचकला आणि आचरेकरांना त्याचा खेळ विशेष वाटला नाही. अजित यांनी विनंती केली, की मुलाला आपण पाहत नाही असे वाटू द्यावे. आचरेकर दूर गेल्यासारखे दाखवून लांबून पाहत राहिले. तेव्हा मुलाची बॅट मोकळी झाली आणि त्याला शिबिरात प्रवेश मिळाला.

या प्रसंगात दोघांचे मोठेपण आहे. भावाने धीर सोडला नाही आणि प्रशिक्षकाने आपला पहिला निर्णय बदलण्यात कमीपणा मानला नाही. पुढे आचरेकरांच्याच सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला. शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहण्याची सोय झाल्याने प्रवासाचा वेळ सरावाला मिळाला. एका मुलाची शाळा आणि राहते घर बदलायला सांगणे ही प्रशिक्षकाच्या अंगावर येणारी मोठी जबाबदारी होती. ती घेण्याइतका विश्वास त्यांना मुलाबद्दल वाटत होता आणि कुटुंबाला गुरूबद्दल.

शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. स्वतःचा सामना सोडून सचिन एकदा वानखेडे स्टेडियमवर शाळेच्या वरिष्ठ संघाचा अंतिम सामना पाहायला गेला. आचरेकरांनी त्याला सर्वांसमक्ष खडसावले. इतरांसाठी टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ, अशा आशयाचे ते बोल होते. त्यानंतर आपण एकही सामना चुकविला नाही, असे सचिनने पुढे अनेकदा सांगितले आहे.

६६४ धावा आणि पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्स हायस्कूलशी पडली. सचिन आणि विनोद कांबळी यांनी तिसऱ्या विकेटसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९ आणि संघाची धावसंख्या २ बाद ७४८. कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमधील कोणत्याही विकेटसाठीची ती त्या वेळी सर्वांत मोठी नोंदलेली भागीदारी ठरली. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावांची भागीदारी करून तो विक्रम मोडला.

आचरेकर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करण्याचा त्यांचा निरोप सहायकाकरवी पोहोचत होता आणि मुले तो कानांआड करीत होती. अखेर उपाहाराच्या वेळी दूरध्वनीवर सरांशी बोलणे झाले. ३५० साठी एकच धाव हवी असल्याची विनवणी कांबळीने केली. सरांनी मात्र डाव घोषित करायला लावला. वैयक्तिक विक्रमापेक्षा सामना जिंकण्यास लागणारा वेळ त्यांना महत्त्वाचा वाटला. सेंट झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला आणि त्यात कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले.

या सामन्यात आणखी एक मुलगा होता. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. १९९३-९४ च्या मोसमात त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील ही खेळी त्या वेळी जागतिक विक्रम ठरली आणि २०१८ पर्यंत तो विक्रम टिकला. कारकिर्दीत त्याने ११ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा आणि ३० शतके केली. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. एवढे करूनही भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. आझाद मैदानावरची ती प्रतीक्षा जणू साऱ्या कारकिर्दीला पुरली.

मुझुमदारची गोष्ट तेथे संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच महिलांचा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. भारताकडून एकही सामना न खेळलेला आचरेकरांचा शिष्य त्या संघाचा प्रशिक्षक होता. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेल्या गुरूच्या कारकिर्दीशी हे किती जुळते!

शिष्यांमधून प्रशिक्षक

आचरेकरांच्या शिष्यांची यादी मोठी आहे. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिजचा त्रिफळा उडविणारे बलविंदरसिंग संधू, यष्टिरक्षक-फलंदाज चंद्रकांत पंडित, सलामीवीर लालचंद राजपूत, १९९२ मध्ये दर्बान येथे कसोटी पदार्पणात शतक झळकाविणारे प्रवीण अमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार आणि मूळचे मराठवाड्यातील बीडचे संजय बांगर ही त्यातील ठळक नावे.

यांपैकी अनेकांनी खेळ थांबविल्यावर शिकविण्याचे काम हाती घेतले. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने, नंतर २०१७-१८ व २०१८-१९ मध्ये विदर्भाने आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला. विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचे ते पहिलेच रणजी विजेतेपद होते. राजपूत २००७ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषक विजेत्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. पुढे त्यांनी अफगाणिस्तान आणि झिम्बाब्वे या संघांना मार्गदर्शन केले. बांगर २०१४ ते २०१९ या काळात भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते. पोवार यांनी मुझुमदारच्या आधी भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद भूषविले. अमरे यांनी मुंबईच्या रणजी संघाला घडविले. एकाच गुरूच्या हाताखालून इतके प्रशिक्षक निघावेत, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. सामन्याची परिस्थिती वाचणे, खेळाडूच्या स्वभावानुसार त्याला हाताळणे आणि कौतुक हात राखून करणे, हे धडे ही मुले शिवाजी पार्कवर रोज पाहत होती.

मोजमाप कोणत्या मापाने?

प्रशिक्षकाच्या कारकिर्दीची नोंद कशी ठेवावी, याबाबत देशोदेशी निरनिराळ्या पद्धती आहेत. अमेरिकेत महाविद्यालयीन बेसबॉलच्या प्रशिक्षकाचे जय-पराजय खेळाडूच्या आकडेवारीइतक्याच काटेकोरपणे नोंदविले जातात. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे माइक मार्टिन यांनी १९८० ते २०१९ असे सलग ४० मोसम एकाच संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि २,०२९ विजय मिळविले. राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम फेरीच्या स्पर्धेत त्यांचा संघ १७ वेळा पोहोचला. विजेतेपद मात्र एकदाही मिळाले नाही. तरीही तेथील क्रीडाविश्वात मार्टिन यांचे स्थान अढळ राहिले.

आपल्याकडे शालेय प्रशिक्षकाच्या विजयांची अशी वही कोणी ठेवत नाही. त्याची ओळख शिष्याच्या नावाने होते. शिष्य मोठा झाला तर गुरू दिसतो, अन्यथा दिसत नाही. आचरेकरांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी बहुसंख्य भारताकडूनच काय, मुंबईकडूनही खेळली नसतील. त्यांनाही तीच शिस्त, तीच मेहनत आणि तेच सामने मिळाले. त्या मुलांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

असे गुरू मुंबईपुरतेच आहेत, असेही नाही. धाराशिव जिल्ह्यातील खो-खोचे उदाहरण बोलके आहे. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. घरच्या हलाखीमुळे जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे तिने सांगितले आहे. २०१६ मध्ये आर्थिक विवंचनेने खचून तिने खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली. तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारी झालेल्या सारिकाला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९८ नंतर खो-खोला मिळालेला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार होता. खेळ आणि परिस्थिती वेगळी असली, तरी प्रशिक्षकाचे काम तेच होते. मुलाला वा मुलीला मैदानावर टिकवून धरणे, हेच ते काम. भूमसारख्या तालुक्याच्या गावी हॅरिस ढाल नाही आणि शिवाजी पार्कही नाही. परंतु मुलांना सामने मिळवून देण्याची आचरेकरांची रीत अनुसरण्यासाठी महागड्या साधनांपेक्षा वेळ देणाऱ्या माणसाचीच गरज अधिक असते.

सन्मान आणि अखेर

केंद्र सरकारने आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना वानखेडेवर झाला, तेव्हा ते चाकांच्या खुर्चीतून उपस्थित होते. निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले, की सरांनी आपल्याला कधीही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही. शिष्याला आत्मसंतुष्टता येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता. आता पुढे सामना नसल्याने सरांनी ते म्हणायला हरकत नाही, असेही तो हसत म्हणाला. साऱ्या देशाने ऐकलेली ही गुरुदक्षिणा होती.

२ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत आचरेकरांचे निधन झाले. अंत्ययात्रा शिवाजी पार्कवरून गेली, तेव्हा मुलांनी बॅट उंचावून त्यांना मानवंदना दिली. सचिनने पार्थिवाला खांदा दिला. पद्मश्रीने गौरविलेल्या या गुरूवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार न झाल्याने त्या वेळी राज्य सरकारवर टीका झाली. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण सचिनच्या उपस्थितीत झाले. विनोद कांबळीही त्या वेळी हजर होता.

स्मारक उभे राहण्यास निधनानंतर जवळपास सहा वर्षे लागली. मुलांनी उंचावलेल्या बॅटना मात्र कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागली नव्हती. आचरेकरांच्या कारकिर्दीची नोंद कोठे शोधावी, याचे उत्तर त्या मुलांमध्ये आहे.